चेलेलच्या कानातला बिल्ला

पकडीत बिल्ला बसवून जेमेलीने सवयीने आकडा मोठ्याने वाचायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

खोड्यात तिच्या सासूची गाय उभी होती. बराका, म्हणजे आशीर्वाद. काळीपांढरी, भरल्या अंगाची, केबियेनच्या डेअरीला सगळ्यात जास्त दूध घालणारी. तिचा कान जेमेलीच्या डाव्या हातात गरम लागत होता. उजव्या हातातल्या पिवळ्या बिल्ल्यावर सहाचे तीन आकडे ओळीने बसले होते.

"काय गं, अडलं का?" खोड्याच्या पलीकडून सासूने, तबुतानीने, विचारलं. गायीला गप्प ठेवायला सासूने तिच्या तोंडाशी मक्याचा पाला धरला होता.

"पिन वाकडी आहे याची," जेमेली म्हणाली.

तिने तो बिल्ला काढून ॲप्रनच्या खिशात टाकला, पिशवीतून पुढचा घेतला, "सहाशे सदुसष्ट" असं खणखणीत आवाजात वाचलं आणि पक्कड दाबली. बराकाने मान झटकली. तबुतानीने आकडा दोनदा पुटपुटून पाठ केला आणि गाय सोडवून नेली. पाठीमागच्या रांगेत बायका हसत-खिदळत होत्या. कुणाचा गोऱ्हा कुणाच्या शेंगांच्या वाफ्यात घुसला होता. कुणाचंच लक्ष नव्हतं.

जेमेलीचा त्या आकड्यावर विश्वास नव्हता. गुरांच्या आरोग्याची पदविका तिने नैरोबीत राहून घेतली होती; रक्ताचा थेंब काचेवर पसरून तापाचा जंतू ओळखणारी ती या डोंगरावरची एकटीच. पण सासूशी तिला राहायचं होतं. नवरा एल्डोरेटला ट्रकवर, घरी महिन्यातून एकदा येणारा. आणि पाळक बिरेच मोठ्या पावसापासून दर रविवारी बायबलातलं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, शिकवत होते. चर्चच्या भिंतीवर सात डोक्यांच्या श्वापदाचं चित्र छापलेलं कापड टांगलेलं होतं. शेवटच्या लढाईत कुठलं सैन्य कुठून येईल, घोड्यांच्या लगामापर्यंत रक्त कसं चढेल, आणि त्याआधी कपाळावर किंवा हातावर श्वापदाची खूण, म्हणजे त्याचा सहाशे सहासष्ट हा आकडा, नसेल त्याला काहीच विकता-घेता कसं येणार नाही, हे केबियेनच्या पोराटोरांनाही तोंडपाठ झालं होतं. डेअरीने गुरांना बिल्ले मारायचं ठरवलं तेव्हा बायकांनी पाळकांना विचारलंच होतं, हीच का ती खूण? पाळक समजूतदार माणूस. खूण माणसाच्या कपाळावर आहे, गायीच्या कानात नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि सगळ्या निर्धास्त झाल्या. आकड्यांचा क्रम सहाशेवरून पुढे चालला आहे हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. जेमेलीच्याही नाही.

वाकडी पिन म्हणून तो बिल्ला परत पाठवायचा, एवढंच तिने ठरवलं होतं.

उन्हं कलायला आली. रांग संपली. एका माजोरी गोऱ्ह्याने कान हिसडून एक बिल्ला मोडला होता, त्यामुळे पिशवी नेमकी शेवटच्या गायीला रिकामी झाली. जेमेली पक्कड पुसत होती तेवढ्यात उतारावरून कोगो ताप्सुबेई आली. सगळं गाव तिला कोगोच म्हणायचं, आजी. पुढे तिची पांढरी गाय चेलेल, मागे ती, हातात गायीला कधी न लागलेली काठी.

"संपलं का दुकान?" कोगो धापा टाकत म्हणाली. "ही बया ओढ्यावर बसली. म्हटलं, अगं तुला कानातलं घालायचंय, चल. तर हलेना. लग्नाला जायला सांगितलं असतं तरी एवढा नखरा केला नसता."

"बिल्ले संपलेत, कोगो."

"मग?"

"नवे यायला महिना तरी लागेल."

"आणि उद्यापासून बिल्ल्याशिवाय दूध घेत नाहीत म्हणे."

"नाही घेत."

कोगो चेलेलच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिला एकच गाय होती. मुलगी दूर किताले पलीकडे दिलेली. कोगो चर्चला येत नसे. सकाळी उगवत्या सूर्याला, आसिसला, हात पसरून चार शब्द बोलायची, तेवढाच तिचा देव. तिला वाचता येत नव्हतं.

जेमेलीचा हात खिशात गेला. हिला काय त्या आकड्याचं, तिच्या मनात आलं. आणि दूधही उद्यापासून चालू राहील. म्हणजे हे चांगलंच झालं.

"एक आहे," ती म्हणाली. "पिन थोडी वाकडी होती, सरळ केली मी."

"बघ! माझ्या नशिबाने उरला." कोगोने चेलेलचं डोकं स्वतःच्या काखेत धरलं. "तू आहेस म्हणून आणली हो हिला. दुसऱ्या कुणाला कान धरू दिला नसता. मागे तापाच्या साथीत तूच वाचवलंस ना तिला."

जेमेलीने पक्कड दाबली. हा आकडा तिने वाचला नाही.

*

चहाच्या मळ्याकडे वळणाऱ्या रस्त्यावर डेअरीची गाडी उभी राहायची. पाचसहा दिवस काही झालं नाही. मग एका सकाळी जेमेली तिच्या गुरांच्या दवाखान्याकडे निघाली होती तेव्हा गाडीपाशी रांग मोडलेली दिसली. बायका एका बाजूला, कोगो दुसऱ्या बाजूला, आणि मधे दूध घेणारा किमोसोप हातात माप घेऊन, दोन सवतींमधल्या नवऱ्यासारखा.

"कोगो, मी काय करू?" तो म्हणत होता. "तुझं कॅनमध्ये ओतलं तर या सगळ्या किटल्या घरी नेतील."

"नेऊ देत की. त्यांच्या घरी मांजरं नाहीत का?"

"आम्ही तुला काही म्हणत नाही, कोगो," रायेल नावाची बाई म्हणाली. तिनेच आदल्या दिवशी रस्त्याकडेला चरणाऱ्या चेलेलच्या कानातला आकडा वाचला होता. "दुधालाही नाही म्हणत. पण तो आकडा आमच्या दुधात नको."

"आकडा कानात आहे गं बाई. सडाला नाही लावला कुणी."

दोघीतिघींना हसू आलं. त्यांनी तोंडावर हात धरला.

"आणि मला सांगा," कोगो पुढे म्हणाली, "तुमच्या पुस्तकात काय लिहिलंय? खूण नसेल त्याला विकता येणार नाही. असंच ना? आता माझ्याकडे खूण आहे, तर माझंच दूध विकलं जाईना. पालथं धरून वाचता का गं तुम्ही?"

या वेळी कुणी हसलं नाही. रायेलची नजर जेमेलीकडे गेली.

"ही बघ, आलीच. जेमेली, तू मारलेस ना बिल्ले? हा आकडा हिच्या गायीला कसा काय आला? तू निवडलास?"

सगळ्या तिच्याकडे वळल्या. त्यांत तबुतानी होती, डोक्याला चर्चच्या महिला मंडळाचा निळा रुमाल बांधलेली. कोगोही वळली. तिच्या चेहऱ्यावर नुसती उत्सुकता होती.

"निवडायचंय काय त्यात," जेमेली म्हणाली. "क्रमाने येतात. पिशवीतून निघेल तो."

एक सोडून बाकी सगळ्या बिल्ल्यांबाबत ते खरंच होतं.

"मग झालं," मिल्का हळूच म्हणाली. ती वयाने मोठी, कमी बोलणारी. तिच्या शब्दाला वजन होतं. "क्रमाने आला म्हणजे वरून आला. साऱ्या डोंगरावर एकच घर चर्चबाहेरचं, आणि नेमका तिथेच."

"प्रभूची स्तुती असो," तबुतानी म्हणाली. तिच्या आवाजात आनंद नव्हता, भीती होती. किटलीच्या कडीवरची तिची बोटं घट्ट झाली होती.

जेमेलीने बोलायला हवं होतं ते तेव्हाच. एक वाक्य होतं. ते म्हटलं असतं तर आकडा वरून आलेला राहिला नसता, आणि म्हणूनच, बराकाचा झाला असता. तिने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं, दवाखाना उघडायला उशीर झाल्यासारखं केलं आणि चालू लागली. मागे कोगोचा आवाज आला, आता थट्टा नसलेला:

"वरून? माझ्याकडे? मी काय केलं?"

*

दुसऱ्या दिवसापासून कोगोचं दूध जेमेली घ्यायला लागली. दवाखान्यात आईविना वासरं येतात, त्यांना लागतं, असं तिने सांगितलं. डेअरीचाच भाव दिला. कोगो किटली घेऊन यायची, बाकावर बसून दम खायची, वासरू कुठलं, कसं आहे, पितं का नीट, अशी चौकशी करायची. जेमेली सांगायची, पितं.

वासरू नव्हतं. घरी ते दूध नेणं शक्य नव्हतं. तबुतानीने आवारातही शिरू दिलं नसतं. कोगो वळणाआड गेली की जेमेली दवाखान्यामागच्या चरात दूध ओतायची. पांढरा ओघ तांबड्या मातीत उतरेपर्यंत उभी राहायची, मग आत येऊन भांडं धुवायची. एकदा साबणाने. मग सोडा घालून कढत पाण्याने. मग पुन्हा.

एका सकाळी ती तिसऱ्यांदा भांडं विसळत होती आणि तिचे हात थांबले. जंतुबाधा झालेल्या जनावराच्या दुधाचं भांडंही ती एवढं धूत नसे. आणि हे दूध तिने स्वतः तपासलं होतं. चांगलं घट्ट, निर्दोष दूध. एक घोट तरी तिने घेतला होता का? दवाखान्याच्या चहात तरी घातलं होतं का? पाच वर्षांच्या मुलीला, चेरोनोला, पोळीबरोबर अर्धी वाटी?

सासूला घाबरून केलं, असं ती इतके दिवस स्वतःला सांगत आली होती. आता तिने स्वतःला दुसरं विचारून पाहिलं: त्या दिवशी सासू समोर नसती, खोड्यात फक्त तिची स्वतःची गाय असती, आणि बघायला कुणीच नसतं, तर?  उत्तर तिला कळलं: तरीही बिल्ला खिशातच गेला असता. तिने नळ बंद केला.

शनिवारी कोगो रिकाम्या हाताने आली.

"किटली कुठाय?"

"आज वासराला सगळं पिऊ दिलं. चेलेलच्या स्वतःच्या." कोगो बाकावर बसली. "सोमवारी बाजार आहे. किबोर खाटीक घेतो म्हणालाय चेलेलला. अर्ध्या किमतीत. म्हणतो, कान कापून फेकला की मांसाला आकडा नसतो."

"खाटकाला? कोगो, दुभती गाय आहे ती! मी घेतेय ना दूध."

"घेतेस." कोगोने तिच्याकडे पाहिलं. तिची नजर मायेची होती आणि म्हणून जेमेलीला ती सहन होईना. "पोरी, मागच्या चरापाशी मुंग्यांची रांग लागते. मी काही आंधळी नाही. तुझ्या घरात ते दूध शिरत नाही हे मला कळतं. तू चांगली आहेस म्हणून घेतेस. चांगल्या माणसाला किती दिवस वेठीला धरायचं?"

"कोगो..."

"भांडले असते मी. तुला माहीत आहे मला भांडायला आवडतं. पण वरूनच आलंय म्हणतात. रोज सकाळी आसिसला विचारते, काय चुकलं माझं ते सांग. सांगत नाही. आता त्याच्याशी कोण भांडणार?"

ती उठली. दाराशी थांबून ती जेमेलीच्या तळहातावर हलकेच थुंकली, जशा म्हाताऱ्या आशीर्वाद देताना थुंकतात, आणि उताराला लागली.

जेमेलीने तो हात पुसला नाही. पुसावा की नाही हेही तिला ठरवता येईना.

*

रविवारी पाळक बिरेच खोऱ्यातल्या त्या शेवटच्या लढाईपर्यंत पोचले होते. पांढरा घोडा, त्याच्या मागून शुभ्र वस्त्रातलं सैन्य, समोर साऱ्या जगाचे राजे. पत्र्याचं छप्पर उन्हाने तडतडत होतं. पाळक आवाज चढवून बोलणारे नव्हते; शेजाऱ्याला बातमी सांगावी तसं सांगायचे, म्हणून लोक जास्त घाबरायचे.

"त्या दिवशी मधे कुणी उभं राहू शकणार नाही," ते म्हणाले. "या नाही तर त्या बाजूला. आता साक्ष द्यायची असेल त्यांनी उठावं."

रायेलने मुलाचा ताप उतरल्याची साक्ष दिली. एका म्हाताऱ्याने दारू सुटल्याची दिली, तिसऱ्यांदा. मग जेमेली उठली. बाकाची कड तिने दोन्ही हातांनी धरली होती.

"कोगो ताप्सुबेईच्या गायीचा बिल्ला," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "तो क्रमाने आला नव्हता. क्रमाने तो बराकाला आला होता. आमच्या बराकाला. मी तो खिशात टाकला आणि शेवटी चेलेलला मारला. चुकून नाही. मला माहीत होतं काय आहे ते. नंतर विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. त्यात वरून आलेलं काही नाही. म्हातारी उद्या गाय खाटकाला देते आहे, म्हणून सांगते."

छप्पर तडतडलं. कुणीतरी खोकलं. शेजारी बसलेल्या सासूचा श्वास थांबलेला जेमेलीला ऐकू आला. आता, तिच्या मनात आलं. आता काय व्हायचं ते होऊ दे.

पाळक वेदीवरून खाली आले. त्यांचे डोळे ओले होते.

"मुली," ते म्हणाले, "हे सांगायला किती धैर्य लागतं." मग मंडळीकडे वळले. "ऐकलंत? योसेफाच्या भावांनी त्याला विकलं. त्यांना वाटलं, आम्ही विकलं. पण कोण नेत होतं त्याला मिसरात? देवच. आपण समजतो, करणी आपली. आपला फक्त हात असतो, करणी देवाची. बिल्ला विश्वासणाऱ्याच्या दाराशी आला आणि त्या दारावरून पुढे गेला."

"आमेन," मिल्का म्हणाली. मग बऱ्याच जणी म्हणाल्या.

"माझ्या गोठ्यावरून!" तबुतानी उठून उभी राहिली. ती रडत होती. "मी समोर उभी होते, पाला चारत होते, आणि मला कळलं नाही! माझ्या गोठ्यावरून नेलं त्याने ते!" तिने सुनेला घट्ट मिठी मारली. लग्नानंतर पहिल्यांदाच.

"देवाने नाही, पाळकसाहेब," त्या मिठीतून जेमेली म्हणाली. "मी केलं. मला ते आमच्यावर नको होतं म्हणून मी तिच्यावर ढकललं."

पाळकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सगळं आपणच करतो असं वाटणं," ते अगदी हळुवार म्हणाले, "हाही अहंकारच, मुली. तोही सोडून दे."

मागून कुणीतरी गाणं सुरू केलं. थप्पड खायला गेलेल्या बाईच्या गळ्यात हार पडावा, तशी जेमेली उभी राहिली. बायका येऊन तिचे हात दाबत होत्या. रायेलने तर ती पक्कड पाहायला मिळेल का असं विचारलं. गाण्याचं दुसरं कडवं सुरू झालं तेव्हा ती बाकांमधून वाट काढत बाहेर पडली. लोकांनी आदराने वाट दिली.

*

कोगो झोपडीच्या सावलीत बसून दूध ठेवायचा वाळका भोपळा आतून जळक्या काठीने घासत होती. चेलेल पलीकडे रवंथ करत होती. जेमेलीने उभ्यानेच सांगितलं. चर्चमध्ये सांगितलं तेवढंच, त्याच शब्दांत. फक्त इथे ते बोलायला जास्त वेळ लागला.

काठी भोपळ्यात गोल फिरत राहिली.

"पिन वाकडी होती?" कोगोने विचारलं.

"नाही."

"मी शेवटी आले म्हणून?"

"तू चर्चला येत नाहीस म्हणून. तुला वाचता येत नाही म्हणून. तू तक्रार करणार नाहीस असं वाटलं म्हणून."

"हं." काठी थांबली. "म्हणजे वरून नाही आला."

"नाही."

"नक्की?"

"माझ्या खिशातून आला, कोगो."

कोगोने भोपळा बाजूला ठेवला. हातांची काजळी गवताला पुसली, एकेक बोट करून. मग तिच्या घशातून एक आवाज निघाला. तो हसण्याचा आहे हे जेमेलीला उशिरा कळलं.

"आणि मी महिनाभर आसिसच्या मागे लागले होते! रोज सकाळी. काय चुकलं सांग, काय चुकलं सांग. तो बिचारा काय सांगणार? त्याला माहीतच नाही!"

हसणं जसं आलं तसं गेलं.

"मी तुझ्या हातावर थुंकले काल," ती म्हणाली.

जेमेलीने तो तळहात मिटला.

"देवाने दिलं असतं तर मी गाय विकली असती. देवाशी कोण भांडतं? गप विकली असती, आणि मरेपर्यंत विचार करत बसले असते, माझ्यात काय वाईट आहे म्हणून." ती गुडघ्यांवर हात देऊन उठली. "पण हे तुझं आहे. तुझ्याशी मला भांडता येईल. नाही विकत मी गाय."

"मी नवा बिल्ला मागवलाय. हा काढून टाकते, आजच..."

"हात लावू नकोस. आता काढलास तर म्हणतील, आकडाच वाईट होता. आकडा वाईट नव्हता."

कोगो आत गेली. दुसरा, भरलेला भोपळा घेऊन आली आणि वाडग्यात दूध ओतलं. या डोंगरावर दाराशी आलेल्याला दूध दिल्याशिवाय कुणी पाठवत नाही. जमिनीच्या वादात कोर्टात उभे असलेले भाऊसुद्धा एकमेकांच्या दाराशी आधी वाडगा रिकामा करतात, मग शिव्या देतात. कोगोने वाडगा तोंडाला लावला, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्याली, आणि तो जमिनीवर पालथा ठेवला. पाहुणीकडे पाहिलं नाही.

 जेमेली तशीच उभी राहिली. सकाळपासून पहिल्यांदाच तिला नीट उभं राहता येत होतं.

"उद्यापासून किटली तू न्यायचीस," कोगो म्हणाली. "दवाखान्यात नाही. गाडीवर. धार मी काढून ठेवीन. चेलेलला तू हात लावायचा नाहीस."

"हो."

"तुझ्या सासूच्या पुढे उभी राहा. मागे नाही."

"हो, कोगो."

"कधीपर्यंत, ते विचारू नकोस."

"नाही विचारत."

"जा आता."

*

सोमवारी गाडी यायच्या आत रांग लागली होती. आदल्या दिवसाचं गाणं अजून बायकांच्या चेहऱ्यांवर होतं. जेमेली दिसताच दोघीतिघींनी हसून तिला जागा केली. तबुतानीने तर तिला हाक मारली, "ये गं, माझ्या पुढे ये," आणि मग तिच्या हातातली किटली पाहिली. पत्र्याची, एका बाजूला चेपलेली. ती कुणाची, हे केबियेनमध्ये विचारावं लागत नाही.

"जेमेली," सासू हळूच म्हणाली, "काल पाळकांनी सांगितलं ना सगळं. झालं ते."

"तुमच्या पुढे उभी राहते, आई," जेमेली म्हणाली आणि उभी राहिली.

तबुतानी एक पाऊल मागे सरली. तिच्या मागच्या मिल्काला मग सरावं लागलं, आणि रायेलला. पुढच्या बाया पुढे सरकल्या. ओल्या गवतावर किटल्या सरकवल्याचा आवाज तेवढा झाला. कोगोभोवतीची ही मोकळी जागा जेमेलीने त्या सकाळी रस्त्यावरून पाहिली होती. आत उभं राहिल्यावर ती बाहेरून दिसायची त्यापेक्षा बरीच मोठी होती.

गाडी थांबली. किमोसोप उतरला, रांगेकडे पाहून घुटमळला, आणि पुढच्यांचं दूध मापून घेत घेत तिच्यापर्यंत आला.

"हे कुणाचं?" त्याने विचारलं, माहीत असून.

"कोगो ताप्सुबेईचं," जेमेली म्हणाली, मागच्या शेवटच्या बाईला ऐकू जाईल अशा आवाजात, आणि किटलीचं झाकण काढून त्याच्यासमोर धरलं.